न पडलेली फुली

ताईच्या खोलीतलं गाणं थांबलं, की बाहेर बाकावर बसलेल्या बायका एकमेकींकडे बघायचं टाळायच्या. कुणी बाटली उघडून घोटभर पाणी प्यायची, कुणी पिशवीतला जुना रिपोर्ट काढून त्याची पुन्हा घडी घालायची. गाणं परत सुरू झालं की एखादी हळूच म्हणायची, "काही नाही गं, शिंक आली असेल त्यांना," आणि अख्खा बाक हसायचा.

गाणं कसलं, दोनच ओळी. चष्म्याच्या दुकानावर पहिल्या मजल्यावर ती सोनोग्राफीची खोली. पडदे ओढलेले, जेलची बाटली कोमट पाण्याच्या भांड्यात उभी. पोटावर यंत्राचा प्रोब फिरवत फिरवत ताई बाळाच्या हृदयाशी पोहोचली, की तिच्या ओठांवर अंगाईच्या चालीत त्या ओळी आपसूक यायच्या:

चार खोल्यांचं घर बाई, मधे भिंत उभी नीट,
दोन दारं लवलवती, उघड गं, मीट गं, मीट.

तिला हे काम शिकवणाऱ्या बाईंनी त्या रचलेल्या. त्या काळचं यंत्र म्हणजे पडद्यावर नुसतं धुकं. त्या धुक्यात हृदयाच्या वरच्या दोन खोल्या, खालच्या दोन, मधली भिंत आणि दोन झडपा एवढं दिसलं तरी देव पावला. हृदयातून बाहेर निघणाऱ्या दोन मोठ्या रक्तवाहिन्या त्या यंत्राला कधी दिसल्याच नाहीत, म्हणून त्यांच्यावर ओळही नव्हती. पुढे यंत्रं तीनदा बदलली. धुकं गेलं, धारदार रेषा आल्या. ओळी मात्र दोनच राहिल्या. रिपोर्टच्या छापील कागदावर 'मोठ्या वाहिन्या' असा एक रकाना वाढला, तोही ताई बाकीच्या रकान्यांबरोबर भरायची. बहुतेक वेळा बघून.

एकोणीस वर्षं झाली होती तिला. तिचा हात एवढा बसलेला, की वरच्या मजल्यावर सही करणारे डॉक्टर कागद न वाचताच सही करत. "ताईंनी बघितलंय ना? मग झालं."

त्या शनिवारी मोठ्या हॉस्पिटलात सोनोग्राफीवाल्यांसाठी दिवसभराचा वर्ग होता. ताई पहिल्या रांगेत बसली. शिकवायला लहान मुलांच्या हृदयाच्या डॉक्टर होत्या. चणीने एवढ्याशा, चष्मा डोक्यावर चढवलेला, आणि आवाज मात्र शाळेच्या घंटेसारखा.

त्यांनी भिंतीवर एक हृदय दाखवलं. आईच्या पोटातलं, पाच महिन्यांचं, अर्ध्या सुपारीएवढं. चिमणीच्या छातीसारखं थडथडत होतं.

"हे कसं आहे?"

ताईने मनातल्या मनात दोन ओळी म्हटल्या. खोल्या चार. भिंत नीट. दारं लवलवताहेत. "छान आहे," ती सगळ्यांच्या आधी म्हणाली. "नॉर्मल."

"अजून कोण कोण नॉर्मल म्हणतं?"

सभागृहातले जवळजवळ सगळे हात वर गेले.

"हे बाळ जन्मल्यावर दुसऱ्या दिवशी गेलं," डॉक्टर म्हणाल्या. "घरी नेत होते. गाडीत. आईला वाटलं, थंडीने निळं पडलंय, म्हणून तिने अजून एक दुपटं गुंडाळलं."

हात एकेक करून खाली आले. ताईचा सगळ्यात शेवटी आला, कारण तो वर आहे हेच ती विसरली होती.

डॉक्टरांनी तेच चित्र पुढे सरकवलं. त्या चित्रात कुणीतरी प्रोब बोटभर वर कलवला होता. "आता वाहिन्या बघा. एक शरीराला रक्त नेते, दुसरी फुप्फुसांना. निघताना त्या एकमेकींना ओलांडून जातात, त्यांची फुली पडते. इथे पडलीय?"

नव्हती पडली. दोन काळ्या नळ्या एकमेकींना न शिवता शेजारीशेजारी वर गेल्या होत्या, रुळांसारख्या.

"दोघींच्या जागांची अदलाबदल झालीय. शरीराचं रक्त फिरून शरीरातच येतं, फुप्फुसाचं फुप्फुसात. दोन चाकं आपापली फिरतात, एकाचं दुसऱ्याला कळत नाही. पोटात असेपर्यंत चालून जातं, कारण तिथे एक छोटी चोरवाट उघडी असते. जन्मानंतर काही तासांत, फार तर काही दिवसांत, ती बुजते." त्यांनी चष्मा खाली ओढला. "आधी कळलं तर बाळ वाचतं. इथे, आमच्या हाताखाली जन्मलं तर. नाही कळलं, तर या चित्रात चारही खोल्या किती सुंदर आहेत ते बघत बसायचं."

शेजारची बाई भराभर लिहून घेत होती. ताईने पेन उघडलंच नाही. तिला त्या दोन नळ्यांची ओळख पटली होती.

तिने त्या पाहिल्या होत्या. स्वतःच्या पडद्यावर, एक क्षणभर. आणि कुणाच्या पोटात, तेही तिला लख्ख आठवत होतं.

*

भावजयीला पाचवा महिना होता तेव्हा. सगळं घरच खोलीत शिरलं होतं. भाऊ, ज्याला ताई अजून छोट्याच म्हणायची, तो लिफ्ट दुरुस्तीच्या कामावरून तसाच आलेला, हाताला ग्रीसचा वास. आई स्टुलावर पाय पसरून बसलेली.

"डोकं कुणावर गेलंय ते सांग आधी," आई म्हणाली होती. "तुझ्या भावावर गेलं असेल तर दार रुंद करावं लागेल."

भावजय हसायला लागली. ती छापखान्यात पुस्तकं बांधायची, शांत स्वभावाची, पण एकदा हसू फुटलं की आवरायचं नाही. पोट हललं, ताईचा हात कलला, आणि पडद्यावर त्या दोन नळ्या आल्या. शेजारीशेजारी.

ताईला वाटलं, हात घसरला. चित्र विचित्र आलं तर दोष हाताचा, हे तिच्या अंगातच मुरलेलं. प्रोब हलवायचा, चित्र नीट होईपर्यंत हलवत राहायचा. तिने हलवला. चार खोल्या परत आल्या, ओळी परत सुरू झाल्या. "अगं हसू नकोस, बाळाला वाटेल भूकंप झाला," ती म्हणाली, आणि मग भावजयीला बाथरूमला जायची घाई झाली, आणि मग कागद भरायचा राहिला होता तो भरला. मोठ्या वाहिन्या: नॉर्मल.

आता नववा महिना सरत आला होता. बाळंतपण घराजवळच्या छोट्या प्रसूतिगृहात ठरलेलं. चार खाटा, खिडकीत कुंड्या, मायाळू डॉक्टर. आणि मोठ्या हॉस्पिटलापासून गाडीने दोन तास.

सोमवारी सकाळी ताईने जुनी फाईल उघडली. साठवलेली चित्रं चारच, चारही खोल्यांची. तिने विचित्र चित्र ठेवलंच नव्हतं. कोण ठेवतं?

पडद्यासमोर ती किती वेळ बसून राहिली कुणास ठाऊक. बाहेर बाकावर बायका जमल्या होत्या. पहिलीला आत घेतलं. हृदयाशी आल्यावर ताईने बोटभर वर कलवलं. फुली पडली, सुरेख. दुसरीची पडली. अकराव्या बाईपर्यंत सगळ्यांची पडली. म्हणजे हात नीट कलवला तर फुली दिसते. त्या दिवशी हात घसरला नव्हता.

आणि तरी तिने खरं सांगितलं नाही. दुपारी भावजयीला फोन लावून म्हणाली, "अगं, यंत्रात नवीन सोय आलीय. बाळाचा चेहरा छान दिसतो म्हणे. ये की जेवणाच्या सुट्टीत."

"आत्ता? ताई, मला जिना चढायचा म्हणजे दम लागतो हो."

"खुर्चीत बसवून वर आणते तुला. तू ये फक्त."

तिचा आवाज कसा वाटला देव जाणे. मग भावजय म्हणाली, "हे रजेवर आहेत आज. घेऊन येते त्यांना."

*

खोलीत तिघंच होते. आई घरी होती. ताईने दाराला आतून कडी लावली, आणि भावाने ते पाहिलं.

"चेहरा बघायला कडी कशाला?"

"वारा येतो."

पडदे ओढलेल्या त्या खोलीची खिडकीच नीट उघडत नव्हती. भावाला ते कळलं. लिफ्टच्या खोल विहिरीत उतरून नुसत्या आवाजावरून बिघाड ओळखणारा माणूस तो. भिंतीला टेकून उभा राहिला आणि ऐकायला लागला.

नऊ महिन्यांचं बाळ म्हणजे भरलेलं घर. बरगड्या कडक झालेल्या, त्यांच्या सावल्या हृदयावर जाळीसारख्या पडलेल्या, आणि बाळ आईच्या पोटाकडे पाठ करून गाढ झोपलेलं. ताईने डावीकडून पाहिलं, उजवीकडून पाहिलं. भावजयीला कुशीवर वळवलं. उठवून पॅसेजमध्ये फेऱ्या मारायला लावल्या. गार सरबत पाजलं. पुन्हा झोपवलं. जेल आता गार झालं होतं, भावजयीच्या अंगावर शहारा आला.

"चेहरा तर तुम्ही बघतच नाही आहात," ती म्हणाली.

"बघते. आधी बाकीचं."

आणि बाळ वळलं. झोपेत कूस बदलावी तसं, हळू. सावल्यांची जाळी सरकली, आणि हृदय समोर आलं.

चार खोल्यांचं घर बाई, ताईच्या गळ्यातून सूर निघाला. तिने काढला नव्हता. मधे भिंत उभी नीट. नीटच होती. दारं उघडत होती, मिटत होती. ताईने हात बोटभर वर कलवला.

दोन काळ्या नळ्या शेजारीशेजारी वर गेल्या.

तिने हात खाली आणला, परत वर नेला. दुसऱ्या बाजूने नेला. रंग लावून रक्ताचा प्रवाह पाहिला. दोन्ही नळ्यांतून तो एकमेकांना न भेटता धावत होता. तिचे डोळे हे सगळं बघत होते आणि गळा मात्र थांबायला तयार नव्हता, उघड गं, मीट गं, एकोणीस वर्षांच्या सवयीने आपला गातच होता. तिने मुद्दाम लावून घेतलेली सवय होती ती. वाईट दिसलं तरी गात राहायचं, म्हणजे बाकावरच्या बायका घाबरत नाहीत.

"ताई," भावजय म्हणाली, "ते गाणं बंद करा."

गाणं बंद झालं. यंत्राचा पंखा तेवढा घरघरत राहिला.

"काय आहे?"

ताईने प्रोब बाजूला ठेवला. हात पुसले. एकदा पुसले, दुसऱ्यांदा पुसले. मग स्टूल ओढून ती भावजयीच्या डोक्याशी बसली, पडद्याकडे पाठ करून.

"बाळाच्या हृदयातून दोन मोठ्या वाहिन्या निघतात. त्यांच्या जागा उलट झाल्यात. आत्ता पोटात ते ठीक आहे. जन्मल्यावर ठीक राहणार नाही. निळं पडेल. आपल्या जवळच्या प्रसूतिगृहात त्यावर काहीच करता येणार नाही. मोठ्या हॉस्पिटलात येतं. आज निघायचं."

"आज म्हणजे?"

"आत्ता. कळा कधीही लागतील."

भाऊ भिंतीपासून सुटा झाला. "थांब, थांब. मागच्या वेळी तूच म्हणालीस ना सगळं ठीक आहे? कागदावर आहे. मी फ्रिजवर लावलाय तो. पाच महिन्यांचं असताना ठीक, आणि आता एकदम बिघडलं?"

सुटायला वाट होती. यंत्र जुनं होतं, बाळ लहान होतं, कधी कधी उशिराच दिसतं. यातलं काहीही त्याने मानलं असतं. तिचा शब्द तो मानतच आला होता. सातवीत गणितात नापास झाला तेव्हा आईच्या आधी तिला येऊन सांगितलेलं त्याने.

"बिघडलं नाही," ताई म्हणाली. "तेव्हाही असंच होतं. मला दिसलं होतं. मला वाटलं माझा हात घसरला, म्हणून मी हात हलवला आणि ठीक म्हणून लिहिलं. मी नीट बघितलं नव्हतं, छोट्या."

तो तिच्याकडे बघत राहिला. ओरडला असता तर बरं झालं असतं. भावजयीने दोन्ही हात पोटावर ठेवले होते, जेल तसंच, गार आणि चिकट, आणि ती हसत नव्हती की रडत नव्हती.

"चार महिने," ती म्हणाली. "मी चार महिने बाळाला सांगत होते, आत्याने बघितलंय तुला, सगळं छान आहे म्हणून."

भावाने खिशातून गाडीची किल्ली काढली. "जेल पुस तिचं," तो ताईला म्हणाला. "आणि त्या हॉस्पिटलातल्या डॉक्टरचा नंबर दे. तू बोलू नकोस. मी बोलतो."

*

दोन तासांच्या वाटेत एकदाच कुणी बोललं. आईचा फोन आला, स्पीकरवर. "अरे, कुठे गेलात सगळे? भात निवला इथे." भाऊ म्हणाला, "जेवून घे, आम्हाला उशीर होईल," आणि गाडी दुसऱ्या लेनमध्ये घेतली. मागच्या सीटवर ताई भावजयीच्या शेजारी बसली होती. पोटावर कळ आली की भावजय खिडकीची काच घट्ट धरायची. ताईचा हात तिने धरला नाही. कळा खऱ्या नव्हत्या, सरावाच्या होत्या, पण ताई घड्याळ बघून दोन कळांतलं अंतर मोजत होती आणि रस्त्याच्या पाट्यांवरचे किलोमीटरही मोजत होती.

हृदयाच्या डॉक्टरांनी स्वतः पाहिलं. पाच मिनिटं लागली त्यांना. "हो," त्या म्हणाल्या. मग ताईकडे वळल्या. "पहिल्या रांगेत होतात ना तुम्ही परवा?"

"हो."

"वेळेत आणलंत."

"नाही," ताई म्हणाली. "उशिरा आणलंय."

डॉक्टर चष्मा डोक्यावर चढवून पुन्हा पडद्याकडे वळल्या.

तिसऱ्या दिवशी सकाळी बाळ जन्मलं. मुलगी. रडली कडाडून. गुलाबी होती. दारापाशी उभ्या असलेल्या भावाच्या तोंडून हुंदका फुटला, आणि हुंदक्याच्या शेवटाला तो चक्क हसला. "बघ, किती ओरडतेय! काही नाही झालेलं हिला."

ताईने त्याला हसू दिलं. तिचं लक्ष त्या इवल्या नखांकडे होतं. आधी ओठांच्या कडा, मग नखं, मग टाळूभोवतीची कातडी. शाईचा थेंब ओल्या कागदावर पसरावा तसा निळा रंग पसरत आला. हाताला लावलेल्या यंत्रावरचा प्राणवायूचा आकडा सत्तरवरून साठवर उतरला, साठवरून चौपन्नवर. चोरवाट उघडी ठेवायचं औषध तर चालू केलंच होतं. मुलगी अजूनही रडत होती, पण आवाज लांबून यावा तसा.

"फुगा," डॉक्टर म्हणाल्या, आणि खाट ढकलली गेली.

आडव्या झालेल्या भावजयीने मान वळवली. इतक्या दिवसांत ती पहिल्यांदा ताईशी आपणहून बोलली. "तुम्ही जा तिच्याबरोबर. यांना काही कळणार नाही पडद्यावरचं."

ताई काचेपलीकडे उभी राहिली. मांडीच्या शिरेतून केसाएवढी नळी आत गेली, आणि डॉक्टरांच्या मदतनिसाने छातीवर प्रोब धरला. पडद्यावर हृदय आलं. वरच्या दोन खोल्या, मधली भिंत, जी इतकी वर्षं धडधाकट असावी म्हणून ताई गात आली होती. आता तीच फाडायची होती, रक्त मिसळायला वाट व्हावी म्हणून. मिटलेला फुगा भिंतीतल्या फटीतून पलीकडे सरकला, द्राक्षाएवढा फुगला, आणि डॉक्टरांनी एका झटक्यात तो मागे ओढला. भिंत फाटली. पलीकडचं लाल रक्त अलीकडच्या निळ्यात मिसळताना यंत्राने रंगात दाखवलं, आणि ताईने ते पूर्ण बघितलं, नजर न हलवता, आपल्याला काय दिसतंय ते शेवटपर्यंत.

आकडा चौपन्नवरच होता. मग अठ्ठावन्न. बराच वेळ अठ्ठावन्न. मग एकसष्ट, सदुसष्ट, बहात्तर.

"आता आठवड्याभरात मोठं ऑपरेशन," डॉक्टर हातमोजे काढत म्हणाल्या. "दोन्ही वाहिन्या कापून जागा बदलायच्या. ते सोपं नाही. तुम्ही घरच्यांना खोटा धीर देऊ नका."

"नाही देणार."

वॉर्डात भाऊ खिडकीशी उभा होता. त्याने वळून पाहिलं नाही. भावजयीच्या उशाशी ताई उभी राहिली.

"भिंतीला भोक पाडलंय. रक्त मिसळतंय. आकडा बहात्तर आहे. ओठ अजून निळसर आहेत. ऑपरेशन व्हायचंय, आणि त्यात ती वाचेलच असं मला सांगता येत नाही."

"हे सगळं तुम्ही बघितलंत? की कुणी सांगितलं?"

"बघितलं."

भावजय छताकडे बघत राहिली. पॅसेजमधून कुणाची तरी चाकाची खाट गेली, तिचा आवाज लांब गेला.

"मग परत जा तिकडे," भावजय म्हणाली. "आणि दर तासाला येऊन सांगा. काही असेल ते. मला ठीक आहे असं सांगू नका, आकडा सांगा."

ताई गेली. काचेपलीकडे आकडा एकाहत्तर झाला होता. तिने घड्याळात वेळ पाहिली आणि उभी राहिली.